मॅक्रोच्या कुलपाचे सामर्थ्य किती?

एखाद्या कचेरीत पगारपत्रकाचे काम वर्षानुवर्षे एकाच एक्सेल फाइलवर चालत असते. हजेरीचे आकडे भरावेत, पत्रकाच्या कोपऱ्यातील बटन दाबावे, आणि महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, उचल व हप्ते या सर्वांचा मेळ बसून प्रत्येकाची पगारचिठ्ठी छपाईस सिद्ध व्हावी, अशी त्या फाइलची रचना ज्या गृहस्थांनी परिश्रमपूर्वक केलेली असते, त्यांनी आपल्या आज्ञावलीस पासवर्ड घालून ठेवलेला असतो. पुढे ते गृहस्थ सेवानिवृत्त होतात, भत्त्याचे दर बदलतात, फाइलमध्ये दुरुस्ती करणे प्राप्त होते, आणि पासवर्ड कोणासच ठाऊक नसतो. मग बाहेरून एखादा जाणकार बोलावला जातो आणि समोर ठेवलेला चहा निवण्याच्या आत तो ती आज्ञावली उघडून दाखवतो. त्याच कचेरीतील दुसरी एक फाइल अशी असते की जी उघडू जाताच पासवर्ड विचारते. तिच्यापुढे मात्र तोच जाणकार हात टेकतो आणि 'साहेब, हिचा पासवर्ड मिळाल्यावाचून इलाज नाही' असे स्वच्छ सांगून टाकतो.

या दोन प्रसंगांतील विसंगती ज्याच्या ध्यानात येते त्याला कोडे पडावे हे स्वाभाविक आहे. दोन्ही फाइली एकाच एक्सेलमध्ये तयार झालेल्या; पासवर्ड मागणारी चौकट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच; दोन्ही पासवर्ड सारख्याच दक्षतेने निवडलेले, किंबहुना पुष्कळदा एकच. असे असता एक क्षणार्धात निष्प्रभ ठरावा आणि दुसरा अभेद्य राहावा, याचे कारण काय? पासवर्डाची लांबी किंवा तो निवडणाऱ्याचे चातुर्य यांच्याशी या कारणाचा फारसा संबंध नाही. त्या पासवर्डाकडे कोणते काम सोपवलेले आहे, यावर सर्व काही अवलंबून आहे. आणि हे काम समजून घ्यावयाचे तर प्रथम मॅक्रो म्हणजे काय आणि तो फाइलमध्ये कोठे व कसा राहतो, हे पाहावे लागेल.

लेखी आज्ञांचा संच

संगणकावरील हिशेबाचे कोष्टक १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या 'व्हिजिकॅल्क'ने प्रथम लोकांच्या हाती दिले. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३'मध्ये बटने दाबण्याचा एखादा क्रम लिहून ठेवून तो पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय होती, आणि तिलाच मॅक्रो हे नाव रूढ झाले. एक्सेलचा अवतार १९८५ सालचा. पण आज आपण ज्याला एक्सेलचा मॅक्रो म्हणतो त्याची भाषा, म्हणजे 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' किंवा संक्षेपाने व्हीबीए, ही १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. या भाषेत अमुक रकान्यातील आकडा घ्या, तो अमुक मर्यादेहून अधिक असेल तर असे करा, नसेल तर तसे करा, आणि हे शेवटच्या ओळीपर्यंत चालू ठेवा, अशा आज्ञा इंग्रजी शब्दांच्या साध्या मजकुरात लिहिलेल्या असतात, आणि एक्सेल त्या क्रमाने वाचून त्यांची अंमलबजावणी करते.

या भाषेत लिहिणारे लोक बहुधा संगणकशास्त्राचे पदवीधर नसतात. लेखापाल, शाळेचे निकालपत्रक करणारे शिक्षक, गुदामाचा साठा मांडणारे कारकून, कारखान्याच्या उत्पादनाचा आढावा घेणारे पर्यवेक्षक, अशा माणसांनी आपले नित्याचे काम सांभाळून, रात्री जागून, चुकत-दुरुस्त करीत या आज्ञावल्या सिद्ध केलेल्या असतात, आणि त्यांत त्यांच्या व्यवसायाचे अनेक वर्षांचे ज्ञान साठलेले असते. ते ज्ञान कोणीही उठून उचलून न्यावे किंवा अजाणतेपणी त्याची मोडतोड करावी, हे त्यांना रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच एक्सेलने देऊ केलेल्या कुलपाची खरी किंमत त्यांना ठाऊक असणे अगत्याचे वाटते. ज्या कुलपावर आपण विसंबतो त्याचे सामर्थ्य न जाणता मौल्यवान वस्तू त्याच्या हवाली करणे यासारखे दुसरे नुकसान नाही.

कुलूप घालण्याची रीत

रीत सोपी आहे. आल्ट आणि एफ-११ ही बटने एकत्र दाबली की मॅक्रोचा एडिटर उघडतो. त्यातील 'टूल्स' या यादीतून प्रोजेक्टच्या 'प्रॉपर्टीज' उघडाव्यात, 'प्रोटेक्शन' या पानावर जावे, 'लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग' या चौकोनात खूण करावी, खाली तोच पासवर्ड दोनदा टंकावा आणि फाइल जतन करून बंद करावी. पुन्हा ती उघडली की एडिटरमध्ये प्रोजेक्टचे केवळ नाव दिसते, आणि आतील मजकूर पाहू जाता पासवर्ड विचारला जातो.

येथे दोन बारकावे अनेकांच्या नजरेतून सुटतात. पहिला असा, की फाइल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत हे कुलूप लागू होत नाही. ज्या बैठकीत पासवर्ड घातला त्या बैठकीत सर्व मजकूर पूर्ववत् खुलाच असतो, आणि त्यामुळे काही जण गोंधळून पुन्हा पुन्हा पासवर्ड घालीत बसतात. दुसरा अधिक महत्त्वाचा. पासवर्ड टंकला, परंतु चौकोनात खूण करावयाची राहून गेली, तर पासवर्ड जतन होतो खरा, पण तो रक्षण करतो ते फक्त त्या प्रॉपर्टीजच्या पानाचे; आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि बदलताही येते. आपण बंदोबस्त केला या समजुतीत राहिलेल्या माणसाला ही गोष्ट पुष्कळदा फार उशिरा कळते.

फाइलच्या अंतरंगात

२००७ पासून एक्सेलची मॅक्रोयुक्त फाइल 'एक्सएलएसएम' या पुच्छनामाने जतन होते. वरकरणी ती एकच फाइल दिसत असली तरी वस्तुतः ती अनेक लहान फाइलींचे एक गाठोडे असते, आणि ते झिप या सर्वपरिचित पद्धतीने बांधलेले असते. झिप उलगडणाऱ्या कोणत्याही साधनाने ते सोडले तर प्रत्येक शीटचा मजकूर निराळ्या फाइलीत, शैली निराळ्या फाइलीत, सामाईक शब्द निराळ्या फाइलीत अशी व्यवस्था दृष्टीस पडते. आणि त्यांतच 'व्हीबीएप्रोजेक्ट डॉट बिन' या नावाची एक फाइल असते. सर्व मॅक्रोंचे वास्तव्य या एका फाइलीत.

ही फाइल पुन्हा आतून अनेक कप्प्यांची बनलेली आहे. त्यांपैकी 'प्रोजेक्ट' नावाचा कप्पा साध्या वाचनीय मजकुराचा असून त्यात प्रोजेक्टचे नाव, त्यातील मॉड्यूलांची यादी अशा किरकोळ नोंदी असतात. याच नोंदींच्या रांगेत 'सीएमजी', 'डीपीबी' आणि 'जीसी' या आद्याक्षरांनी आरंभ होणाऱ्या तीन ओळी आढळतात. पहिली ओळ प्रोजेक्ट संरक्षित आहे की नाही ते सांगते, दुसरी पासवर्डासंबंधीची नोंद धारण करते, आणि तिसरी मजकूर दाखवावयाचा की लपवावयाचा हे ठरवते. ओळींतील मूल्ये डोळ्यांना अर्थहीन अंकाक्षरांसारखी दिसतात, कारण ती थोडी फिरवून, मिसळून लिहिलेली असतात. परंतु ज्या बीजाच्या आधारे ही फिरवाफिरव केलेली असते ते बीज त्याच ओळीच्या आरंभी उघडे लिहिलेले असल्यामुळे रीत ठाऊक असणाऱ्याला ती उलगडण्यास काहीच आयास पडत नाहीत.

आणि प्रत्यक्ष आज्ञावली? प्रत्येक मॉड्यूलचा मजकूर आपापल्या कप्प्यात ठेवलेला असतो, आणि तो केवळ आकुंचित केलेला असतो. आकुंचन म्हणजे जागेची काटकसर: मागे एकदा येऊन गेलेला शब्दसमूह पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे उचला' अशी खूण त्या जागी करावयाची. ४,०९६ अक्षरांच्या एकेका तुकड्यावर ही क्रिया केली जाते. ती उलट फिरवण्यास कोणत्याही पासवर्डाची, कोणत्याही गुप्त माहितीची गरज नाही. मूळ लेखकाने घातलेला पासवर्ड चार अक्षरांचा असो की चाळीस अक्षरांचा, आज्ञावलीच्या मजकुरातील एकही अक्षर त्यामुळे बदलत नाही. पासवर्ड घातलेली आणि न घातलेली फाइल शेजारी ठेवून पाहिल्या तर मॉड्यूलांचा आकुंचित मजकूर दोन्हींत तसाच असतो; अंतर पडते ते त्या तीन ओळींपुरते.

दप्तरखाना आणि दप्तरदार

ही व्यवस्था ध्यानात यावी यासाठी एक जुना दप्तरखाना डोळ्यांपुढे आणावा. खोलीच्या मांडण्यांवर सर्व रुमाल उघडे ठेवलेले आहेत. दाराशी एक दप्तरदार बसलेला आहे, आणि त्याला सक्त ताकीद आहे की ज्याच्याजवळ परवाना नाही त्याला कागद दाखवावयाचे नाहीत. जोवर प्रत्येक जण दप्तरदाराकडे जाऊन रीतसर कागद मागतो, तोवर हा बंदोबस्त निर्वेध चालतो. परंतु कोणी दुसऱ्या दाराने खोलीत शिरला, तर कागद त्याच्यापुढे स्वच्छ बाळबोध अक्षरांत उघडे पडलेले असतात, आणि दप्तरदाराची कर्तव्यनिष्ठा तेथे उपयोगी पडत नाही. याउलट, ज्या दप्तरखान्यातील प्रत्येक कागद सांकेतिक लिपीत लिहिलेला आहे आणि तिची फोड केवळ एका व्यक्तीच्या मुखात आहे, तेथे दप्तरदार नसला तरी बिघडत नाही. कागद चोरीस गेला तरी त्यातील मजकूर सुरक्षित असतो.

मॅक्रोच्या पासवर्डाचे काम पहिल्या प्रकारचे आहे. एक्सेलचा एडिटर हा येथील दप्तरदार. तो पासवर्डाची नोंद वाचतो, समोरच्याने दिलेला पासवर्ड तिच्याशी रुजू घालून पाहतो आणि जुळला तरच मजकूर दाखवतो. परंतु फाइल वाचण्याचा एक्सेल हा काही एकमेव मार्ग नाही. फाइलचे अंतरंग स्वतंत्रपणे उलगडणारे कोणतेही साधन दप्तरदाराला न विचारता थेट मांडणीकडे जाते. आणि पासवर्डाची ती नोंदच कोणी बिघडवून टाकली तर दप्तरदारापुढे परवाना पडताळून पाहण्यासाठी दाखलाच उरत नाही. कचेरीत आलेल्या त्या जाणकाराने पासवर्ड ओळखलेला नसतो. ओळखण्याची त्याला गरजच पडलेली नसते.

मजकूर कूटबद्ध का केला नाही?

येथे कोणीही विचारील की मग मायक्रोसॉफ्टने आज्ञावलीचा मजकूरच सांकेतिक लिपीत, म्हणजे कूटबद्ध करून, का ठेवला नाही? या प्रश्नाचे उत्तर हाच या विषयाचा गाभा आहे, आणि त्यासाठी मॅक्रो कोणासाठी लिहिला जातो याचा विचार करावयास हवा.

पगारपत्रकाची फाइल ज्या कारकुनाच्या हाती दिलेली आहे त्याला मॅक्रोचा पासवर्ड सांगितलेला नसतो. न सांगण्यासाठीच तर तो घातलेला असतो. तरीही त्या कारकुनाने बटन दाबताच मॅक्रो चालला पाहिजे, ही आपली अपेक्षा असते. मॅक्रो चालावयाचा तर संगणकाने त्यातील प्रत्येक आज्ञा वाचलीच पाहिजे, आणि तीही पासवर्ड कोणी टंकल्यावाचून. याचा अर्थ असा, की आज्ञा वाचण्यासाठी जी जी माहिती लागते ती सर्वच्या सर्व त्या कारकुनाच्या संगणकावर, त्या फाइलमध्ये आणि त्या एक्सेलमध्ये, आधीपासूनच हजर असली पाहिजे. मजकूर कूटबद्ध केला असता तरी त्याची किल्ली याच दोन ठिकाणी कोठेतरी ठेवावी लागली असती, आणि जे संगणकाला सापडते ते त्या संगणकाच्या मालकाला कधी ना कधी सापडतेच. 'तू हे चालव, पण वाचू नकोस' ही आज्ञा ज्याच्या घरात संगणक आहे त्याला देता येते. तिचे पालन करून घेण्याची शक्ती मात्र आज्ञा देणाऱ्याच्या हाती राहत नाही. हा दोष एक्सेलपुरता नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर चालावी आणि तरीही त्याला ती कळू नये, अशी इच्छा धरणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला ही अडचण भेडसावते.

म्हणूनच पासवर्ड लांब करून येथे काही साधत नाही. नव्या आवृत्त्यांत पासवर्ड स्वतः फाइलमध्ये न ठेवता त्याचा 'हॅश' ठेवलेला असतो. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरावर ठराविक गणिती संस्कार करून काढलेली ठराविक लांबीची संख्या. मजकुरावरून ती काढणे सोपे, पण तीवरून मूळ मजकूर शोधणे अत्यंत कठीण. येथे 'एसएचए-१' नावाची पद्धती वापरून २० बाइटांची संख्या काढलेली असते, आणि एकच पासवर्ड दोन फाइलींत वापरला तरी नोंद निराळी दिसावी म्हणून तीत चार बाइटांची यादृच्छिक भर घातलेली असते. हा विचार दूरदर्शी आहे, आणि त्याचा उपयोगही आहे: तोच पासवर्ड मूळ लेखकाने आपल्या बँकेच्या खात्याला वापरला असेल, तर फाइल उलगडणाऱ्याला तो सहजासहजी कळत नाही. पण आज्ञावलीचे रक्षण हे त्या हॅशचे काम नव्हे.

फाइल उघडण्याचा पासवर्ड

आता दुसऱ्या फाइलकडे वळू. 'इन्फो'मधील 'प्रोटेक्ट वर्कबुक' येथून 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा पर्याय निवडला की पासवर्डाकडे सोपवलेले काम समूळ बदलते. आता त्यापासूनच किल्ली घडवली जाते, आणि तिने सर्व गाठोडे, शीटे, आकडे, सूत्रे, मॅक्रो यांसह, सांकेतिक लिपीत परिवर्तित होते. फाइलमध्ये आता वाचण्याजोगे असे काही उरतच नाही. दुसऱ्या दाराने शिरणाऱ्याच्या हाती केवळ निरर्थक अक्षरे लागतात.

परंतु ही मजबुती पूर्वीपासून अशी नव्हती. एक्सेल ९७ ते २००३ या आवृत्त्यांत या कूटलेखनाची किल्ली सामान्यतः ४० बिटांची असे. अशा किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी संभवतात. ही संख्या माणसाला अफाट वाटली तरी आधुनिक संगणकापुढे ती टिकत नाही, आणि म्हणून त्या काळच्या एक्सएलएस फाइली आज पासवर्डावाचूनही उघडता येतात. २००७ पासून एक्सेलने 'एईएस' ही पद्धती स्वीकारली. जोन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी रचलेली ही पद्धती अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून जाहीर केली होती. तिची १२८ बिटांची किल्ली धरली तरी संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते, आणि त्या सर्व एकेक करून लावून पाहणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही.

मग हल्लेखोरापुढे एकच मार्ग उरतो: पासवर्डाचे अंदाज बांधणे. तो मार्गही बिकट व्हावा म्हणून पासवर्डापासून किल्ली घडवताना हॅशची क्रिया एकदा करून न थांबता हजारो वेळा केली जाते. एक्सेल २००७ मध्ये ती ५०,००० वेळा होत असे. २०१० पासून १ लाख वेळा. खरा पासवर्ड जाणणाऱ्याला यामुळे क्षणभराचाही विलंब जाणवत नाही, पण कोट्यवधी अंदाज तपासू पाहणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी तो क्षण मोजावा लागतो. पासवर्डाची लांबी आणि अनपेक्षितता यांना खरी किंमत येते ती येथे. 'पगार@१२३' अशा धर्तीचा पासवर्ड घालणाऱ्याने एईएसचे बळ फुकट घालवले असे म्हणावे लागेल.

मात्र या पासवर्डाने मॅक्रोचे गुपित राखण्याचा प्रश्न सुटत नाही, हेही ओघाने येतेच. फाइल वापरणाऱ्या कारकुनाला तो सांगावाच लागतो, आणि एकदा सांगितला की त्याच्यापुरते सर्व काही खुले होते. हा पासवर्ड परक्यांना बाहेर ठेवतो, आणि मॅक्रोचा पासवर्ड ज्याला बाहेर ठेवू पाहतो तो माणूस तर आधीच आत बसलेला असतो.

> चौकट: एकाच फाइलचे निरनिराळे पासवर्ड
>
> फाइल उघडण्याचा पासवर्ड सर्व मजकूर कूटबद्ध करतो आणि २००७ नंतरच्या फाइलींत तो भरवशाचा आहे. फाइलमध्ये बदल करण्याचा पासवर्ड, ज्याला 'पासवर्ड टू मॉडिफाय' म्हणतात, काहीच कूटबद्ध करीत नाही. मूळ फाइल चुकून बदलली जाऊ नये इतकाच त्याचा हेतू. शीटला घातलेला पासवर्ड सूत्रांवर अजाणता हात पडू नये यासाठी आहे. २०१३ पूर्वी त्याचा हॅश अवघ्या १६ बिटांचा असे, म्हणजे ६५,५३६ हून अधिक निराळी मूल्ये संभवतच नसत, आणि म्हणून मूळ पासवर्डाऐवजी भलताच शब्द टंकूनही शीट उघडण्याचा चमत्कार घडे. मॅक्रोचा पासवर्ड एडिटरला आज्ञावली दाखवण्यापासून रोखतो. मॅक्रो चालण्यास तो लागत नाही.

रचना गुप्त राहिली असती तर?

प्रारंभीच्या काळात मॅक्रोंच्या कुलपाची भिस्त पुष्कळशी फाइलची आतली रचना लोकांना ठाऊक नसण्यावर होती. परंतु जिज्ञासू लोकांनी ती हळूहळू शोधून काढली, आणि अखेर २००८ साली मायक्रोसॉफ्टनेच तिचे साद्यंत वर्णन प्रसिद्ध केले. आज त्या तीन ओळींची फोड कशी करावी हे अधिकृत दस्तऐवजातच वाचावयास मिळते. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. मूळचे नेदरलँड्सचे आणि फ्रान्समध्ये भाषांचे अध्यापन करणारे ऑगस्त केरखॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते की लेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्थेला धोका पोहोचता कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. फाइल उघडण्याचा पासवर्ड या कसोटीस उतरतो: एईएसची पद्धती जगजाहीर असूनही किल्लीवाचून काही हाती लागत नाही. मॅक्रोच्या कुलपाची मात्र पद्धती कळली की किल्लीचे प्रयोजनच संपते.

एका बाजूने पाहता या कुलपाचा हा दुबळेपणा समाजाच्या पथ्यावरही पडलेला आहे. १९९५ मध्ये वर्डच्या फाइलींतून 'कन्सेप्ट' हा मॅक्रोविषाणू पसरला, पुढच्याच वर्षी 'लारू' एक्सेलमध्ये अवतरला, आणि मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा'ने ई-मेलच्या द्वारे अनेक देशांतील कचेऱ्यांची टपालव्यवस्था विस्कळीत करून टाकली. घातपाती मॅक्रो लिहिणारेही आपल्या मजकुराला हेच कुलूप घालतात. ते जर खरोखर अभेद्य असते तर विषाणूशोधक साधनांना आत डोकावताच आले नसते. आज ती साधने दप्तरदाराला न विचारता मॅक्रोचा मजकूर वाचतात, म्हणूनच आपल्या संगणकाचे रक्षण करू शकतात. तरीही मॅक्रोंचा धोका इतका वाढला, की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवून धरण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टला २०२२ साली स्वीकारावे लागले.

मग करावे काय?

सर्वप्रथम आपल्याला रक्षण कशापासून हवे आहे हे निश्चित करावे. सहकाऱ्याने कुतूहलापोटी एडिटर उघडून एखादी ओळ पुसू नये, एवढाच उद्देश असेल तर मॅक्रोचा पासवर्ड अगदी पुरेसा आहे, आणि तो अवश्य घालावा. कचेऱ्यांत होणारे बहुतेक नुकसान दुष्टाव्यापेक्षा अनवधानाने होते, आणि अनवधानाला हे कुलूप उत्तम अटकाव करते.

आज्ञावलीत कोणी लबाडीने फेरफार करील, अशी भीती असेल तर लपवालपवीपेक्षा डिजिटल स्वाक्षरी अधिक उपयोगी पडते. स्वाक्षरी मजकूर झाकीत नाही. परंतु स्वाक्षरीकर्त्याची गुप्त किल्ली जवळ नसलेल्या कोणी एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी टिकत नाही, आणि केवळ विश्वासू स्वाक्षरीचेच मॅक्रो चालू द्यावेत असे कचेरीतील सर्व संगणकांना बजावून ठेवता येते. ज्या पतपेढीत किंवा कारखान्यात मॅक्रोच्या आकड्यावर प्रत्यक्ष पैशाचे वाटप होते, तेथे मजकूर गुप्त असण्यापेक्षा तो अबाधित असणे शतपटीने महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत घातक चूक निराळीच आहे. मॅक्रोला कुलूप आहे या भरवशावर अनेक जण कचेरीच्या माहितीसाठ्याचा पासवर्ड, ई-मेल खात्याचा पासवर्ड, किंवा शीट खुली करण्याचा पासवर्ड मॅक्रोच्या मजकुरातच लिहून ठेवतात. असा पासवर्ड ज्याच्या हाती फाइल जाईल त्याच्या हाती गेलाच म्हणून समजावे. अशी गुपिते फाइलमध्ये मुळीच असू नयेत; वापरणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने प्रवेश द्यावा आणि त्याला जेवढे अधिकार हवेत तेवढेच माहितीसाठ्याच्या बाजूला ठरवावेत.

राहता राहिला प्रश्न व्यवसायाच्या युक्तीचा. एखाद्याने दरपत्रकाची किंवा अभियांत्रिकी गणनेची अशी रीत बसवली असेल की तीच त्याची उपजीविका आहे, तर ती मॅक्रोत ठेवू नये. तिचा गाभा निराळ्या भाषेत लिहून यंत्रभाषेत परिवर्तित केलेल्या स्वरूपात द्यावा, म्हणजे मूळ मजकूर फाइलबरोबर जातच नाही. ती उलगडणे अशक्य नसले तरी कष्टाचे होते. मायक्रोसॉफ्टच्याच ॲक्सेसमध्ये मूळ आज्ञावली काढून टाकून फाइल देण्याची सोय आहे, पण एक्सेलमध्ये तिला समतुल्य अशी व्यवस्था नाही. याहून भक्कम उपाय म्हणजे गणना आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे: एक्सेल केवळ आकडे पाठवील आणि उत्तर मिळवील, रीत मात्र आपल्या यंत्राबाहेर पाऊलही टाकणार नाही. आणि कायद्याचा आधार विसरू नये. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली वाङ्मयीन कृतीच्या व्याख्येत समाविष्ट आहे. कोणी तिची नक्कल करून विकली तर कुलूप तुटले की नाही यावर लेखकाचा हक्क अवलंबून राहत नाही.

पासवर्ड हरवल्यास

याच कायद्याची दुसरी बाजू निवृत्त गृहस्थांच्या प्रसंगी लागू पडते. नोकरीच्या कामकाजाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, निराळा करार नसेल तर, मालक असतो. म्हणजे पगारपत्रकाची ती आज्ञावली कचेरीची, आणि ती उघडून घेण्याचा कचेरीला अधिकार आहे. परंतु तेथपर्यंत वेळ येऊच नये. मॅक्रोचे प्रत्येक मॉड्यूल एडिटरमधून 'एक्सपोर्ट' करून साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवता येते. प्रत्येक बदलानंतर अशी एक प्रत दिनांकासह कचेरीच्या सुरक्षित दप्तरी जमा करावी आणि पासवर्ड मोहोरबंद पाकिटात जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावा. फाइल उघडण्याच्या पासवर्डाबाबत तर ही शिस्त सक्तीची मानावी, कारण तो हरवला असता त्यातील पगार, खाती आणि आज्ञावली या सर्वांना, फाइल डोळ्यांसमोर असूनही, कचेरीला कायमचे मुकावे लागते.